हाताने घडवलेली जुन्या धाटणीची बेस गिटार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या धाटणीची चार तारांची इलेक्ट्रिक बेस गिटार हाताने घडते आणि तिचा रंग आम्ही मुद्दाम जुना करतो. फोनवर, दुकानात आणि कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागे लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

काहून भाऊ, नवी कोरी गिटार मुद्दाम खरवडून कशाला देता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्तच आहे. पैसे मोजून घ्यायची वस्तू कोणी घासून का द्यावी?

पहिलं कारण हाताचं आहे. जाड, चकचकीत थर असलेल्या नेकवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावर, घामेजलेला अंगठा अडकतो. तोच थर पातळ असला, मागच्या बाजूला घासून लाकडापर्यंत उतरलेला असला, तर हात सरकतो. तीस-चाळीस वर्षं वाजलेली गिटार हातात घेतल्यावर जी सहजता जाणवते, तिच्यातला मोठा भाग या झिजेचा असतो. फ्रेटबोर्डच्या (नेकवर बोटं दाबायच्या पट्टीच्या) कडा बोटांनी गोल झालेल्या असतात, तळहाताला कुठेच धार लागत नाही.

दुसरं कारण मनाचं आहे. आरशासारखी चमकणारी गिटार घेतली की पहिले सहा महिने माणूस तिला जपतो. पट्ट्याचं बकल लागेल म्हणून अंगापासून दूर धरतो, स्टेजवर कोणी जवळून गेलं की दचकतो. ज्या गिटारवर आधीच चार खुणा आहेत ती पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने वाजते.

मात्र खरवडणं आणि जुनं करणं यांत आम्ही फरक करतो. आमच्या गिटारवरच्या प्रत्येक खुणेला वाजवणाऱ्याच्या शरीराचं कारण असतं. जिथे हात, बकल, घाम किंवा ऊन पोचत नाही, तिथे आम्ही रंगाला हात लावत नाही. जिचं कारण सांगता येत नाही अशी खूण आमच्याकडे गिटारवर राहत नाही.

मुळात ही कोणत्या गिटारच्या धर्तीवर आहे?

अमेरिकी गिटारनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात प्रिसिजन बेस बाजारात आणली. तोवर बँडमधला खालचा सूर म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. तो गाडीत मावत नसे, ब्रास आणि ड्रमच्या गोंगाटात ऐकू येत नसे आणि फ्रेट, म्हणजे बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नसल्यामुळे सूर कानाने शोधावा लागे. त्याआधी १९३० च्या दशकात सिअ‍ॅटलमध्ये पॉल टटमार्क यांनी फ्रेट असलेली इलेक्ट्रिक बेस बनवली होती, पण ती फारशी पसरली नाही. फेंडर यांची पसरली. १९५७ मध्ये तिला दोन तुकड्यांचा पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग) मिळाला आणि आज आपण जो आकार ओळखतो तो जवळपास तेव्हाच पक्का झाला. १९६० मध्ये बारीक नेकची आणि दोन पिकअपची जाझ बेस आली.

आम्ही घडवतो ती साधारण १९६२ च्या प्रिसिजनच्या मापाची: ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), २० फ्रेट, नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) जवळपास ४४ मिलिमीटर रुंदी, शिसवाचा फ्रेटबोर्ड. हेच साल का? तर डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी १९६२ च्या प्रिसिजनवर जे वाजवलं, त्यानंतर बेस वाजवण्याची कल्पनाच बदलली. ते तर्जनी या एकाच बोटाने तार छेडत आणि जाड, सपाट वेढ्याच्या तारा वर्षानुवर्षं बदलत नसत. ती गिटार १९८३ मध्ये, त्यांच्या निधनाच्या थोडं आधी, चोरीला गेली. ज्या वाद्यावरून इतकं संगीत निघालं, त्याचं माप हाताखाली घेऊन काम करणं आम्हाला मोलाचं वाटतं.

रंग जुना करून विकण्याची पद्धत कधीपासूनची?

१९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्याआधीच्या गिटारांना पुढे फार मागणी आली आणि किमती वादकांच्या आवाक्याबाहेर गेल्या. ज्यांच्याकडे त्या होत्या, ते त्या दौऱ्यावर न्यायला घाबरू लागले. मग १९९५ मध्ये फेंडरच्या कस्टम शॉपने रेलिक नावाने मुद्दाम जुन्या केलेल्या गिटारी आणल्या. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या बॉडी आणि नेक जुन्या करण्याचं काम व्हिन्स कुनेटो या कारागिराकडे होतं. आज जगभर लहान-मोठी वर्कशॉप हे काम करतात.

लाकूड कोणतं वापरता? नागपूरचं सागवान का नाही?

सागवानाचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारणारच. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान ही आपल्याकडची अभिमानाची गोष्ट. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेलं. दारं, खिडक्या, पलंग, देव्हारे यांसाठी त्याला तोड नाही.

बेस गिटारच्या बॉडीसाठी मात्र ते जड पडतं. वाळलेलं सागवान घनमीटरला ६५० किलोच्या आसपास भरतं. मूळ गिटारांसाठी १९५६ नंतर जे अल्डर वापरलं गेलं ते साधारण ४५० किलो. हा फरक तीन तासांच्या कार्यक्रमात डाव्या खांद्याला कळतो. शिवाय सागवानात नैसर्गिक तेल असतं. वाळवी त्याला सहजी लागत नाही ती त्यामुळेच, पण पातळ लॅकर त्याच तेलामुळे नीट धरत नाही आणि वाळायला त्रास देतं.

त्या जातीचं अल्डर आपल्याकडे होत नाही. आयात केलेलं मिळतं आणि कोणाला मूळ गिटारच्या शक्य तितकं जवळ जायचं असेल तर आम्ही त्यातही बनवतो. पण आमची पसंती शिवणीला आहे. ज्या झाडाचं मूळ आयुर्वेदाच्या दशमुळात येतं तेच हे. विदर्भाच्या जंगलात ते होतं. लाकूड फिकट पिवळसर, वजनाने अल्डरपेक्षा थोडंच जास्त, रंध्याला गोड आणि हवामान बदललं तरी फार न आकसणारं. हलक्या लाकडात स्क्रू धरेल का, अशी शंका काही जण घेतात. शिवणीत तो चांगला धरतो, फक्त आधी योग्य मापाचं छिद्र पाडून घ्यावं लागतं.

लकडगंजच्या वखारीत आम्ही फळ्या स्वतः उचलून, ठोकून, कडेचे रेषे पाहून निवडतो. आरामशीनवरून चिरून आणलेली फळी लगेच कापत नाही. पट्ट्या लावून, हवा खेळेल अशी रचून ठेवतो, तिने निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिल्याशिवाय तिला हात लावत नाही. ओलावा ८ ते १० टक्क्यांवर स्थिरावला की मगच काम सुरू.

फ्रेटबोर्ड भारतीय शिसवाचा असतो. जुन्या गिटारांवरचं ब्राझिलियन शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी जवळजवळ बंद आहे आणि ते आम्ही शोधतही नाही. आपलं शिसव घट्ट आहे, तेलकट आहे, बोटाला गार लागतं, आणि जगातल्या मोठमोठ्या कंपन्याही तेच वापरतात. नेकसाठी हार्ड मेपल बाहेरून येतं. चार तारा मिळून नेकवर साधारण ८० किलोचा ताण असतो. तिथे आम्ही प्रयोग करत नाही.

रंग कोणता? पीयू (पॉलियुरेथेन) का नाही मारत?

नायट्रोसेल्युलोज लॅकर. आपल्याकडे गाड्या आणि फर्निचर रंगवणारे जुने पेंटर ज्याला ड्यूको म्हणतात, त्याच घराण्यातलं. १९२० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने मोटारींसाठी ते बाजारात आणलं, आणि पुढे गिटारवाल्यांनी मोटारींचेच रंग उचलले. फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्लू, ऑलिम्पिक व्हाइट हे सगळे मूळचे गाड्यांचे रंग.

पीयू आणि पॉलिएस्टर टिकाऊ असतात, झटपट होतात, गाळ्यातल्या सुताराला तेच सोयीचं. पण ते प्लॅस्टिकसारखे वयाला दाद देत नाहीत. निघाले तर टवका उडतो, झिजत नाहीत. नायट्रोचा प्रत्येक नवा थर आधीच्या थरात विरघळून एकजीव होतो, एकूण जाडी कमी राहते, आणि वर्षं गेली की ते पिवळतं, बारीक तडकतं, हाताच्या घामाने हळूहळू उतरतं. जुनेपणा ज्याच्या स्वभावातच आहे, तेच जुनं करता येतं.

त्याची किंमत म्हणजे वेळ आणि हवामान. नागपुरात वर्षभर नायट्रो मारता येत नाही. जुलै ते सप्टेंबर हवेत इतकी वाफ असते की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि थर पांढुरका होतो. मे महिन्यात उलट, स्प्रे गनमधून निघालेला थेंब बॉडीवर पोचण्याआधीच अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. मंद उडणारं रिटार्डर थिनर घालून दोन्ही गोष्टी थोड्या सावरता येतात, पण मनासारखं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच होतं. म्हणून आमच्याकडे सुतारकाम बाराही महिने चालतं आणि रंगकाम हिवाळ्यात.

जुनेपणा नेमका कसा आणता?

सुरुवात बघण्यापासून होते. खऱ्या जुन्या बेसचे फोटो आणि वादकांची बसण्या-उभं राहण्याची पद्धत. बेस वाजवणाऱ्याचा उजवा हात बॉडीच्या वरच्या कडेवर टेकतो, म्हणून तिथला रंग आधी जातो. अंगठा पिकअपवर किंवा त्याच्या वरच्या बाजूला विसावतो, तिथे एक लांबट पट्टा उघडा पडतो. मागे पोटापाशी बकलचे ओरखडे येतात. खालची कड जमिनीवर, अ‍ॅम्पला टेकून ठेवल्याने ठोकली जाते. नेकच्या मागे पहिल्या पाच फ्रेटपर्यंत डाव्या अंगठ्याची झीज जास्त असते, कारण बेसवाला बहुतेक वेळ तिथेच राहतो. बाराव्या फ्रेटच्या पुढे नेक बऱ्याचदा कोरी दिसते. खोट्या जुन्या गिटारीत नेमकी हीच चूक असते, नेक वरपासून खालपर्यंत सारखी घासलेली.

त्यानंतर रंगाचं वय. वरचं पारदर्शक लॅकर पिवळं झालं की खालचा रंग वेगळा दिसतो. पांढरा साईसारखा होतो, निळ्यात हिरवी झाक येते. फिएस्टा रेड उन्हाने गुलाबीकडे झुकतो. तीन रंगांच्या सनबर्स्टमधला लाल १९६० च्या सुमारास इतका कच्चा असे की तो उडून पिवळा आणि काळपट तपकिरी एवढेच रंग उरत. पिकगार्डच्या (बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीच्या) खाली मात्र ऊन पोचलेलं नसतं, तिथे मूळ रंग ताजाच राहायला हवा. आमची गिटार उघडून पिकगार्ड काढलं तर ती रेष दिसेल. कोणी उघडणार नाही हे माहीत असूनही आम्ही ती ठेवतो.

तडे आणताना बॉडीला आळीपाळीने ऊब आणि गारवा देतो. अचानक गार झाल्यावर लॅकर आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि वरचा थर तडकतो. ब्लेडने रेघा मारूनही तडे काढता येतात, पुष्कळ जण काढतात. पण हाताने मारलेल्या रेघांत माणसाची शिस्त दिसते, त्या एका अंतराने पडतात. गारव्याने पडलेला तडा स्वतःची वाट काढतो. आम्ही ब्लेड वापरत नाही.

उघडं पडलेलं लाकूड हा सगळ्यात नाजूक भाग. नुकतंच घासलेलं शिवणीचं लाकूड फिकट असतं, ते ताज्या जखमेसारखं दिसतं. खऱ्या गिटारीत त्या जागी घाम, धूळ, सिगारेटचा धूर आणि तेल मुरून लाकूड राखाडी-तपकिरी झालेलं असतं. तो रंग आम्ही पातळ डागांनी, थर पुसत पुसत आणतो आणि शेवटी इतकं विरळ लॅकर देतो की घाम आत जाणार नाही पण बोटाला लाकूडच लागेल.

धातूचे भाग वेगळे. ब्रिज, ट्यूनिंग की आणि नॉबवरचं निकेल किंवा क्रोम आम्लाच्या वाफेने मंद करतो आणि लगेच सोड्याच्या पाण्याने धुतो, नाहीतर गंज थांबत नाही. पांढरं प्लॅस्टिक कडक चहात बुडवून पिवळसर होतं. हे ऐकून लोकांना गंमत वाटते, पण बारीक रंगछटेसाठी चहाइतकं आटोक्यात राहणारं दुसरं काही सापडत नाही.

ज्याला आम्ही कधीच जुनं करत नाही ते म्हणजे फ्रेट, नट, ट्यूनिंग कीच्या आतले दाते, पॉट (नॉबखालचे आवाज-टोन बदलणारे भाग), जॅक आणि वायरिंग. दिसायला साठ वर्षांची असली तरी वाजायला ती नवीच असली पाहिजे.

किती जुनी करायची हे मला ठरवता येतं का?

येतं. हलकी, मध्यम आणि खूप वाजलेली, अशा तीन पायऱ्या आहेत. आमचं मत विचाराल तर हलकीच घ्या. रंग मंदावलेला, थोडे तडे, नेकची मागची बाजू उतरलेली, धातू निस्तेज, एवढं पुरे. बाकीच्या खुणा तुमच्या हाताने पडू द्या. तुम्ही पिकने वाजवता की बोटांनी, बसून की उभ्याने, अंगठा कुठे टेकवता, हे आम्हाला आधी सांगितलंत तर आमची झीज तुमच्या हाताच्या जागीच येईल. प्रत्यक्ष येऊन दहा मिनिटं वाजवून दाखवलंत तर त्याहून बरं.

माझ्याकडे साधी बेस आहे, ती घरी जुनी करू का?

तिच्यावर पॉलिएस्टर असेल तर मनासारखं होणार नाही, टवके उडतील. आणि आम्ल, थिनर यांचं काम घरात, विशेषतः बंद खोलीत, करू नका. मुरिअ‍ॅटिक (हायड्रोक्लोरिक) आम्लाची वाफ फुफ्फुसाला घातक असते आणि शेजारच्या कपाटातल्या सगळ्या लोखंडी वस्तूंना गंज चढवते. नायट्रो फार ज्वालाग्राही आहे, देवघरातल्या निरांजनाची ज्योतही धोक्याची. करायचंच असेल तर बारीक पॉलिश पेपरने नेकची मागची चमक तेवढी मारा. वाजवताना खरा फरक तिथेच जाणवतो.

जुन्या फिनिशने आवाज बदलतो का?

नाही म्हटलं तरी चालेल. पातळ थराने बॉडी थोडी मोकळी वाजते असं मानणारे आहेत, आणि अंगाला लावून वाजवताना ती कंपनं जाणवतातही. पण अ‍ॅम्पमधून जे बाहेर येतं ते तारा, पिकअप, सेटअप आणि बोटं यांचं असतं. आवाजासाठी जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर ते पिकअपवर मोजा. जुनेपणा स्पर्शासाठी आणि डोळ्यांसाठी घ्या.

पिकअप कसा आहे? मंडपात गुणगुण येते का?

दोन तुकड्यांचा, अल्निको ५ चुंबकांचा, ४२ गेजच्या तारेने वेढलेला. दोन्ही कॉइल एकमेकींच्या उलट दिशेने वेढलेल्या असतात आणि त्यांची चुंबकंही उलटी, त्यामुळे बाहेरून येणारी गुणगुण आपसात कटते. गणपतीत, जयंतीच्या मंचावर, जनरेटर आणि लायटिंगच्या शेजारी वाजवणाऱ्याला याची किंमत कळते. आतून तांब्याची पट्टीही लावलेली असते. पॉट २५० किलोओमचे, एक आवाजाचा आणि एक टोनचा, बस.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. कुठल्याही इलेक्ट्रिक गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. मंडपातलं अर्थिंग खराब असेल आणि माइकची लाइन वेगळ्या जोडणीवरून आली असेल, तर तारांवर बोटं आणि माइकला ओठ लागले की विजेचा झटका बसू शकतो. जीव जाऊ शकतो. साउंडवाल्याला अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्यायला सांगा, तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन कधी काढू नका, आणि गाण्याआधी टेस्टर लावून बघा. गायक घाईत असला तरी.

नागपूरच्या उन्हाळ्यात ही टिकेल का?

टिकते, पण तुमची थोडी साथ लागते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा एकदम कोरडी होते. फ्रेटबोर्ड रुंदीत आकसतो आणि फ्रेटची टोकं हाताला बोचायला लागतात. आम्ही फ्रेट बसवताना टोकं किंचित आत घेऊन गोल करतो, त्यामुळे हा त्रास कमी होतो. मग जूनमध्ये पाऊस येतो आणि पंधरवड्यात सगळं उलटं. नेकचा बाक बदलतो, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) वर-खाली होते.

म्हणूनच एका बाबतीत आम्ही मूळ गिटारला सोडलं आहे. जुन्या प्रिसिजनचा ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली दांडी) फिरवायचं तोंड नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो आणि तो फिरवायला नेक काढावी लागते. कॅलिफोर्नियाच्या सौम्य हवेत ते चालून गेलं. इथे वर्षातून निदान दोनदा तो फिरवावा लागतो. आम्ही त्याच टोकाला छोटं चाक बसवतो, पिकगार्डच्या कडेला छिद्रांचं चाक दिसतं, सळई घालून पाव फेरा दिला की काम झालं. मूळ गिटारचे आग्रही लोक नाराज होतात. त्यांना नेक काढावी लागणारा रॉडही करून देतो, पण आमचा सल्ला चाकाचाच आहे.

कूलरबद्दल सगळ्यांना सांगतो: गिटार कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. खोलीत बाहेरच्या दुप्पट-तिप्पट ओलावा असतो, आणि दार उघडून बाहेर पडलं की भट्टी. रोजची ही उलथापालथ एका मोठ्या उन्हाळ्यापेक्षा वाईट. वाजवून झालं की केसमध्ये, आणि केस खोलीच्या आतल्या भिंतीला. ओलावा ४५ ते ५५ टक्के राहिला तर उत्तम. ओलावा दाखवणारं लहान यंत्र केसमध्ये ठेवता येतं.

बंद गाडीत, उन्हात, अर्धा तासही ठेवू नका. नायट्रो उष्णतेने मऊ पडतं आणि केसच्या अस्तराची छाप त्यावर उमटते. एसटीच्या डिकीत किंवा टपावर तर नकोच, कडेवर घेऊन बसा.

तारा कोणत्या लावून देता?

सपाट वेढ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड. भीमगीतांच्या कार्यक्रमात, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात, चर्चच्या क्वायरमध्ये त्यांचा गोल, ठाम सूर ढोलकी-तबल्याच्या आड येत नाही. महाग असतात, पण वर्षानुवर्षं चालतात. रॉक आणि स्लॅपसाठी राउंडवाउंड लागतील. त्या मागितल्या तर नटच्या खाचा त्या मापाने कापतो, म्हणून आधी सांगा. ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडाही देतो, जुन्या गिटारांवर ब्रिजच्या झाकणाखाली तो असायचा. लावून बघा, आवडला नाही तर काढता येतो.

हेडस्टॉकवर जुन्या कंपनीचं नाव टाकून द्याल का?

नाही. कितीही आग्रह केला तरी नाही. नेक काढली की आतल्या खाचेत आमची खूण, क्रमांक आणि घडवल्याचं साल कोरलेलं असतं, आणि ते कोरलेलं असतं म्हणजे सहज पुसता येत नाही. आज तुम्ही प्रामाणिक आहात, पण गिटार चार हातांतून जाते. पाचव्या माणसाला कोणीतरी ती १९६२ ची म्हणून विकू नये. गिटार जुनी दिसावी यासाठी आम्ही जीव ओततो, तिच्या वयाबद्दल खोटं बोलायला आम्ही मदत करणार नाही.

रंग आणखी उडाला तर वॉरंटीत येतं का?

रंगाची झीज, नवे तडे, पिवळेपणा यात येत नाहीत, ते या फिनिशचं चालू राहणारं आयुष्य आहे. नेक पिळली, फ्रेट उचलला, पिकअप किंवा वायरिंग बंद पडलं, तर आम्ही दुरुस्त करतो. रबर किंवा फोम लावलेल्या स्वस्त स्टँडवर ठेवू नका, नायट्रो त्याच्याशी रासायनिक क्रिया करून चिकट होतं. स्टँडला सुती कापड गुंडाळा. पुसायला मऊ कोरडा कपडा, सिलिकॉनचं पॉलिश नको, स्पिरिट तर अजिबात नको.

डावखुऱ्यांसाठी, पाच तारांची, लहान हातांसाठी?

डावखुरी बनते, झीजही उलट बाजूने करतो. पाच तारांची नाही, ती या घडणीची गिटार नव्हे. लहान हात किंवा शाळकरी मुलांसाठी ३० इंच स्केलची करून देतो. फ्रेटलेसही होते. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२ च्या जाझ बेसचे फ्रेट काढून बोर्डावर इपॉक्सी चढवलं होतं. राउंडवाउंड तारा शिसवाला खातात म्हणून तो उपाय आम्हीही करतो.

किती वेळ लागतो आणि किंमत कशी ठरते?

रंगाचा हंगाम गाठला तर चार ते पाच महिने, चुकला तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत. शेवटचा थर दिल्यावर लॅकरला निदान महिनाभर तसंच टांगून ठेवावं लागतं, त्याआधी जुनं करायला घेतलं तर ते झिजत नाही, सोलतं. किंमत लाकूड, पिकअप, आयात केलेले सुटे भाग आणि जुनेपणाची पायरी यांवर ठरते. खूप वाजलेली गिटार सगळ्यात महाग पडते, कारण तिच्यात हाताचं काम जास्त. आकडा लेखी देतो आणि मध्येच वाढवत नाही.

ऑर्डर देण्याआधी वाजवून बघता येईल का?

यायलाच हवं. वर्कशॉपमध्ये एक गिटार फक्त वाजवून बघण्यासाठी असते. येताना तुमचा नेहमीचा पट्टा आणा, कारण गिटार किती खाली लटकते त्यावर हात कुठे टेकणार हे ठरतं. जमलं तर रोजचा अ‍ॅम्पही आणा, आमच्या अ‍ॅम्पवर ऐकून निर्णय घेऊ नका. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत या. दुपारी पत्रा तापला की ट्यूनिंग टिकत नाही आणि गिटारला न्याय मिळत नाही.